तीन तासांचं लग्न, दोन तासांची तबकडी

आत्याच्या लग्नाची कॅसेट ई-१८० होती, म्हणजे तीन तासांची. शूटिंगवाल्यानं ती काठोकाठ भरली होती. हळदीपासून पाठवणीपर्यंत, मध्ये पंगतीतल्या प्रत्येक पानावरून कॅमेरा सावकाश फिरवलेला. घरात डीव्हीडी रेकॉर्डर आला तो या कॅसेटसाठी. आणल्यावर कळलं की ४.७ जीबीच्या तबकडीवर बऱ्या दर्जात दोनच तास मावतात.

किती तास मावणार, हा प्रश्न या यंत्राच्या घराण्यात पिढीजात आहे. मूळपुरुष अँपेक्स कंपनीचा. १९५६ साली आलेला, दोन इंच रुंद फितीचा, कपाटाएवढा अवजड. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळ होते तेव्हा कॅलिफोर्नियात अजून दुपार असते. म्हणून ३० नोव्हेंबर १९५६ला सीबीएसनं आपलं बातमीपत्र हॉलिवूडमध्ये फितीवर उतरवून घेतलं आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्याला दाखवलं. जपून ठेवणं कुणाच्या डोक्यात नव्हतं. थोडं थांबवून दाखवायचं, एवढंच काम. फीत महाग, त्यामुळे तिच्यावर पुन्हापुन्हा नवं चढवत.

घरात शिरल्यावरही यंत्राचं काम तेच राहिलं. सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली आलं ते एका तासाच्या कॅसेटसह, जेव्हीसीचं व्हीएचएस पुढच्या वर्षी दोन तासांच्या. बीटाचं चित्र सरस होतं असं जाणकार अजून हळहळून सांगतात, पण दोन तासांत सिनेमा मावतो आणि एका तासात मावत नाही. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणं गुन्हा आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल ग्राहकाच्या बाजूनं लागला.

फितीच्या जागी तबकडी आणली पायोनिअरनं, १९९९च्या अखेरीस, जपानमध्ये. किंमत अडीच लाख येन. मागोमाग पॅनासॉनिक डीव्हीडी-रॅम घेऊन आलं आणि फिलिप्स ‘प्लस’वाल्या तबकड्या. पायोनिअरची ‘मायनस’ आणि ही ‘प्लस’ या भाऊबंदकीत दुकानदारही गोंधळायचा, शेवटी दोन्ही चालणारी यंत्रं आली. खरी निवड वेगळीच होती: आत हार्ड डिस्क आहे की नाही? असेल तर अख्खी कॅसेट आधी तिच्यावर उतरवायची, नको ते कापायचं, मग तबकडी जाळायची. नसेल तर कॅसेट चालू आणि तबकडी चालू, चुकलं की चुकलं.

आम्ही स्वस्तातला घेतला, हार्ड डिस्क नसलेला. एक्सपी म्हणजे एक तास, एसपी दोन, एलपी चार, ईपी सहा. एलपीवर लग्न एका तबकडीत बसलं, पण अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक चौकोनी ठोकळ्यांचं झालं आणि अक्षता पडताना तर नुसता चुरा. तास वाढवले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला माहिती कमी येते. हलत्या चित्रात ते आधी उघडं पडतं. मग एसपीवर दोन तबकड्या करायचं ठरलं. तोडायचं कुठे? आईचं म्हणणं पंगतीआधी. आत्याचं म्हणणं, पंगतीत आजोबा आग्रह करताना दिसतात, तिथे तोडू नका. विहीण रुसली त्या जागी तोडलं.

तबकड्या आत्याकडे गेल्या आणि तिच्या प्लेअरनं ‘नो डिस्क’ म्हणून बाहेर ढकलल्या. फायनलाइज करायचं राहिलं होतं. तबकडीवर कुठे काय आहे याची पक्की अनुक्रमणिका त्या पायरीत लिहिली जाते. ती नसेल तर परका प्लेअर तबकडी कोरी समजतो. आमच्या यंत्रात ही सोय फक्त रिमोटच्या मेनूत, पुढच्या पॅनलवर बटणच नाही. म्हणून आज कुणी जुना रेकॉर्डर घ्यायला निघालं तर मी आधी विचारतो, रिमोट आहे का?

जपानच्या फुनाईनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. आमच्या दोन तबकड्यांपैकी दुसरी आता अडकते, पाठवणीच्या जरा आधी. जाळायच्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो काळानं विटतो. कॅसेट उघडून पाहिली तर फितीच्या कडेला पावसाळ्यांची पांढरी बुरशी होती, पण चित्र आलं, पंगतीसकट. रेकॉर्डर पुन्हा खाली काढलाय. रिमोटच्या सेलचं झाकण हरवलंय, रबरबँड लावून भागवतो आहे.