‘द’ची जात कोणती?

भाचीने तिच्या इंग्रजीच्या पेपरचा फोटो पाठवला. प्रश्न होता, विशेषणं अधोरेखित करा. वाक्य होतं, ‘द ओल्ड मॅन बॉट अ रेड अम्ब्रेला.’ तिने ‘ओल्ड’ आणि ‘रेड’खाली रेघ मारली होती. एक मार्क कापला होता, कारण बाईंच्या मते ‘द’ आणि ‘अ’ हीसुद्धा विशेषणंच. खाली मेसेज: “मामा, कोण बरोबर?”

शब्दांना व्याकरणाची लेबलं लावणाऱ्या प्रोग्रामवर मी रोज काम करतो. दोन मिनिटांत उत्तर देईन असं वाटलं होतं. पण पार ग्रीकांपर्यंत जावं लागलं.

डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि आर्टिकल त्यातली एक. रोमन लोकांनी हा साचा उचलला, पण लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. आठचा आकडा मात्र मोडायचा नव्हता. मग त्या रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय आलं. विशेषणाला तर वेगळी जागाच नव्हती. ते नामासारखंच विभक्तीत चालतं, म्हणून नामाचाच एक प्रकार मानलं जायचं.

इंग्रजीची गोष्ट वेगळी. हजार वर्षांपूर्वी तिच्यात आपल्या ‘तो-ती-ते’सारखे लिंगाप्रमाणे बदलणारे दर्शक शब्द होते. ते झिजून एकच ‘द’ उरला. ‘आन’ म्हणजे ‘एक’, तो झिजून ‘अन’ आणि ‘अ’ झाला. ‘एक होता राजा’ म्हणताना आपण राजे मोजत नसतो, तसंच काहीसं. तेव्हा इंग्रजी विशेषणंही ‘चांगला-चांगली-चांगलं’सारखी बदलायची. पुढे ते प्रत्यय गळाले आणि विशेषण नामापासून वेगळं दिसायला लागलं.

म्हणजे भाषा बदलली, पण साचा लॅटिनचाच राहिला. 1586 साली विल्यम बुलोकारने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेही त्याच वळणाचं. नाटककार बेन जॉन्सनचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. त्याने लॅटिनच्या आठ जातींत नववी घातली, आर्टिकल. पुढे 1761 मध्ये जोसेफ प्रीस्टली, तोच ऑक्सिजनवाला, पुन्हा आठवर आला. त्याने धातुसाधिताला बाहेर काढून विशेषणाला स्वतंत्र जागा दिली, आर्टिकलला नाही. लगेच 1762 मध्ये रॉबर्ट लोथने नऊ जाती मांडल्या, विशेषण वेगळं आणि आर्टिकलही वेगळं.

भाचीचा मार्क या दोन वर्षांच्या मध्ये अडकलाय. आठ जाती मानल्या की ‘द’ला कुठेतरी बसवावंच लागतं. आपल्याकडच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं रेन आणि मार्टिनचं पुस्तक आर्टिकल्सना दर्शक विशेषणंच म्हणतं. तेव्हा बाई मनाचं काही सांगत नव्हत्या.

पण भाचीचाही कान चुकीचा नव्हता. ‘द अम्ब्रेला इज रेड’ म्हणता येतं, ‘द अम्ब्रेला इज द’ म्हणता येत नाही. ‘ओल्ड’चं ‘ओल्डर’ होतं, ‘द’चं काहीच होत नाही. एका छत्रीला ‘बिग रेड’ अशी दोन विशेषणं लागतात, पण ‘द अ’ चालत नाही. म्हणूनच विसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांनी ‘द’, ‘धिस’, ‘एव्हरी’ अशा शब्दांचा ‘डिटर्मिनर’ नावाचा वेगळा गट केला. पेन ट्रीबँक या प्रसिद्ध इंग्रजी शब्दसंग्रहात ‘रेड’ला ‘जेजे’ आणि ‘द’ला ‘डीटी’ असं लेबल आहे. रोज तेच बघून मला वाटायचं, हा प्रश्न कधीच सुटलाय.

मी तिला या तिन्ही कसोट्या लिहून पाठवल्या. वर सांगितलं, बाईंना दाखव, पण भांडू नकोस. त्यांचं पुस्तकही खोटं नाही.

तिचा रिप्लाय लगेच आला: “मग कुठल्या पुस्तकाप्रमाणे, हे प्रश्नातच लिहायला हवं होतं ना?”