पानिपतचा गाडा

एखाद्या गावाचे नाव एखाद्या समाजाच्या बोलीत सामान्यनाम होऊन बसावे, हे त्या गावाचे भाग्य की दुर्भाग्य, हे सांगणे कठीण आहे. निवडणुकीत उमेदवार आपटला, परीक्षेत मुलगा नापास झाला, की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण सहज म्हणून जातो. आणि विश्वासाची गोष्ट निघाली, की तो पानिपतात गेल्याची कोटी ठरलेलीच. केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींचे ओझे वाहत दिल्लीत बारा वर्षे काढलेल्या आम्हांस तर हे गाव अवघ्या नव्वद किलोमीटरांवर आहे. दरवर्षी १४ जानेवारीस काळा आंब येथील स्मारकापाशी मराठी मंडळी जमतात. आम्हीही जातो, हळहळतो, तिळगूळ खातो आणि संध्याकाळी परत येतो.

यंदा बसमध्ये आमच्या शेजारी आमच्याच इमारतीतील एक निवृत्त अभियंते बसले होते. त्यांना आम्ही सारे 'काका' म्हणतो. परतीच्या वाटेवर नेहमीचे वाद रंगले. भाऊसाहेबांचा ताठा, मल्हाररावांचे निघून जाणे, यात्रेकरूंचे लोढणे, गनिमी काव्याचा त्याग. प्रत्येकाने आपापला आरोपी उभा केला. काका इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तोफा सगळ्यांनी मोजल्या. पण त्या ठेवल्या होत्या कशावर? गाडे कसे होते?"

आम्ही इतिहासाचे पदवीधर. परंतु या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

काकांना हा प्रश्न सुचण्याचे कारण त्यांच्या गॅरेजात होते. त्यांच्यापाशी १९४८ सालची दोन आसनांची एम. जी. मोटार आहे. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात टी. सी. या नावाने अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या, त्यांपैकी ही एक. पूर्वीच्या मालकाने इंजिन खोलून त्याची ताकद वाढविली होती. खाली मात्र हात लावला नव्हता. परिणाम असा, की गाडी सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी पळे आणि पहिल्याच खड्ड्यापाशी बिथरून बाजूला जाई. या टी. सी. गाडीस पुढेमागे अखंड आस आणि त्याखाली-वर बैलगाडीच्या काळाची आठवण करून देणारे पोलादी पाटे, एवढीच व्यवस्था असते; पुढच्या चाकांना स्वतंत्र, वेटोळ्यांच्या स्प्रिंगा मिळाल्या त्या तिच्या पाठीवर आलेल्या टी. डी. गाडीत.

काकांनी सहा महिने खर्चून हा खालचा गाडा नव्याने बांधावयास घेतला होता. पुढच्या रविवारी आम्ही तो पाहावयास गेलो. गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती. पाट्यांचे थर सुटे करून ओळीने मांडले होते. दोन पाटे तडकलेले निघाले. बाकीच्यांची कमान बसून गेली होती. कश्मीरी गेटजवळच्या एका मिस्त्रीने ते तापवून, पुन्हा कमान देऊन, पाणी पाजून आणून दिले होते. पाट्यांच्या टोकांचे झिजलेले बुश नवे बसविले होते आणि धक्के जिरविणाऱ्या तेलाच्या दांड्या आतून साफ करून नव्या तेलाने भरल्या होत्या.

"पाटे आणखी कडक करून घेतले असते तर गाडी अधिक मजबूत झाली नसती काय?" असे आम्ही विचारले. काका हसले. म्हणाले, "अहो, सगळ्यांना हेच वाटते. कडक पाट्याचे चाक खड्ड्यावरून उडते. आणि उडालेले चाक ना वळते, ना थांबते. इंजिन गाडीला पळवते एवढेच; तिला ताब्यात ठेवते ते जमिनीला धरून राहिलेले चाक."

हे वाक्य डोक्यात घेऊन आम्ही पुन्हा पानिपतच्या पुस्तकांकडे वळलो, आणि जे इतकी वर्षे डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते ते दिसू लागले.

पानिपतच्या मैदानाला गाड्याचे महत्त्व नवे नव्हते. १५२६ साली बाबराने इब्राहिम लोदीच्या प्रचंड सैन्यासमोर गाड्यांची रांग लावून ते कातड्याच्या दोरांनी एकमेकांस बांधले होते आणि त्यांच्या आडोशाने बंदुका-तोफा चालविल्या होत्या. त्यानंतर २३५ वर्षांनी त्याच परिसरात भाऊसाहेबांनी तोफांच्या भरवशावर व्यूह रचला. बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी, त्याच्या पायदळ पलटणी आणि त्याचा तोफखाना हे हिंदुस्थानच्या रणांगणावरचे त्या काळचे नवे इंजिन होते. त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी किती निकराने मोडली, हे शत्रूपक्षाच्या लेखकांनीही मान्य केले आहे.

त्या लेखकांपैकी काशीराज हा मूळचा दक्षिणी, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली होती. त्याची फारसी बखर इंग्रजीत उतरून अठराव्या शतकाच्या अखेरीसच छापली गेली. मराठ्यांच्या तोफांविषयी तो एक साधी गोष्ट नोंदवितो. तोफा मोठ्या आणि जड होत्या; त्यांच्या तोंडाची पातळी सहज बदलता येत नव्हती; त्यामुळे सैन्ये जवळ येताच गोळे अफगाणांच्या डोक्यांवरून जाऊन फार मागे पडू लागले.

या नोंदीचा अर्थ गाड्याकडे पाहिल्यावाचून लागत नाही. त्या काळी तोफेचे तोंड वर-खाली करण्याची रूढ रीत म्हणजे तिच्या बुडाखाली लाकडी पाचर ठोकणे किंवा काढणे. भारी तोफेस हे काम अनेक माणसांचे आणि वेळेचे. तीच तोफ जागची हलवावयाची तर बैलांच्या जोड्या हव्यात. आणि पानिपतच्या छावणीत कोंडीच्या महिन्यांनी माणसांप्रमाणे जनावरेही उपाशी मारली होती. गारदी पुढे सरकले, तोफा मागे राहिल्या. उलट, अब्दालीच्या सैन्यात उंटांच्या पाठीवर फिरत्या खुंटावर बसविलेल्या लहान तोफा, म्हणजे जंबुरके होती. त्यांचा गोळा लहान. परंतु उंट नेईल तेथे तोफ जाई आणि गोलंदाज वळवील तिकडे तिचे तोंड वळे. थोर इंजिन एका बाजूस आणि जमिनीला धरून राहिलेले चाक दुसऱ्या बाजूस, असा तो सामना होता.

केवळ एवढ्याने पानिपत झाले, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. भूक, थंडी, तुटलेली रसद, एकाकी पडलेले राजकारण ही कारणे मोठीच आहेत. परंतु 'गनिमी कावा सोडला म्हणून हरलो' आणि 'कवायती फौज अपुरी पडली म्हणून हरलो' या दोन्ही पक्षांना आमचे एक निवेदन आहे. पानिपतात जुने हरले नाही की नवे हरले नाही. अर्धवट नवे हरले. वर नवे सामर्थ्य चढविले आणि खालचा गाडा जुनाच ठेवला.

याची जाणीव त्या काळी कोणास झाली होती काय? आमच्या मते एकास तरी निश्चित झाली होती. पानिपतातून पायाला कायमची जखम घेऊन निघालेले महादजी शिंदे जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचविले, असे परंपरा सांगते. महादजींनी पुढे त्यास भाऊ मानले व सरदारकी दिली. १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत आले त्यात महादजी अग्रभागी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी कारखान्यात काय केले, हे मात्र आपण फारसे सांगत नाही.

१७८४ साली त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील डी बॉईन या सेनानीस चाकरीत घेतले. आधी दोन पलटणी, मग संपूर्ण कंपू. आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतण्यास बसविला. युरोपात याच सुमारास मोठी उलथापालथ चालली होती. फ्रान्समध्ये १७६५ पासून ग्रिबोव्हाल याने तोफखान्याची नवी घडी बसविली होती: तोफ आखूड व हलकी, आस लोखंडी, घोडे जोडीने जुंपलेले, आणि पाचरीच्या ठिकाणी तोंड वर-खाली करणारे मळसूत्र. हँडल फिरविले की पातळी बदलली! काशीराजाने नोंदविलेल्या उणिवेवरचा हा नेमका उपाय होता.

शिंद्यांच्या कारखान्यांनी हे किती आत्मसात केले, याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दिल्लीसमोर यमुनेच्या पूर्वतीरावर शिंद्यांच्या कंपूचा पराभव केला आणि साठांहून अधिक तोफा काबीज केल्या. इंग्रजांनी त्यांची तपासणी करून अहवाल लिहिला. पितळी तोफा बहुतेक हिंदुस्थानातच ओतलेल्या, काहींवर मथुरेचे नाव, काहींवर उज्जैनचे, घाट फ्रेंच, गाडे बैल अथवा घोडे जुंपण्याच्या सरंजामासह सज्ज, तोंड वर-खाली करण्याची मळसूत्रे उत्तम, आणि कारागिरी कंपनी सरकारच्या शस्त्रागारांच्या तोडीची.

त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर वेलस्लीची गाठ याच जातीच्या तोफखान्याशी पडली. तो जिंकला, पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले अथवा जखमी झाले. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेल्यावर त्यांच्या आसपास मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा उलट फिरविल्या आणि पाठीमागून मारा केला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १७६१ साली ज्या तोफखान्याचे तोंड चार बोटे खाली येईना, त्याच परंपरेतील तोफा बेचाळीस वर्षांनी लढाईच्या ऐन गर्दीत मागे वळत होत्या. पानिपतचा गाडा दुरुस्त झाला होता.

मग पराभव का? काकांनी आम्हांस पाट्यांच्या टोकांचे बुश दाखविले होते. पाटे खालचे, सांगाडा वरचा. दोहोंना जोडणारा तो लहानसा तुकडा. सारे नवे करून तो झिजलेला ठेवला, तर गाडी पुन्हा बिथरते. शिंद्यांच्या फौजेत कारखाना आणि दरबार, गोलंदाज आणि मालक यांना जोडणारा दुवा भाडोत्री अंमलदारांचा होता. महादजी १७९४ साली वारले, डी बॉईन पुढे दोनएक वर्षांत मायदेशी निघून गेला. १८०३ साली गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज प्रजाजनांस फुटून येण्याचे आवाहन केले, अनेक फुटले. मुख्य सेनापती पेरॉन अलिगड पडताच इंग्रजांच्या आश्रयास गेला. गोलंदाज मात्र तोफांपाशी राहिले आणि तोफांपाशीच मेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

दिल्लीची ती लढाई पटपडगंजची लढाई म्हणूनही ओळखली जाते. तिचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. आम्ही स्वतः पटपडगंजमध्ये राहतो. आमच्या आसपास कित्येक मराठी बिऱ्हाडे आहेत. नव्वद किलोमीटर जाऊन हळहळणाऱ्या आम्हां मंडळींपैकी एकासही, आपण ज्या मातीवर दूधवाल्याची वाट पाहत उभे राहतो तिच्या परिसरात मथुरेच्या आणि उज्जैनच्या त्या तोफा शेवटच्या धडाडल्या, हे ठाऊक नव्हते. हरल्याचे दुःख आपण जपले. हरल्यानंतर चाळीस वर्षे खाली वाकून केलेली दुरुस्ती आपण विसरलो.

गेल्या महिन्यात काकांची मोटार ठोकळ्यांवरून खाली उतरविली. चारही चाके जमिनीला लागली, पाटे किंचित दबले आणि स्थिर झाले. इंजिन त्यांनी त्या दिवशी सुरूच केले नाही. पुढच्या मडगार्डावर तळहात दाबून त्यांनी गाडी एकदा खाली लोटली. ती वर आली आणि दुसरा हेलकावा न खाता जागच्या जागी थांबली.

"झाले," काका म्हणाले, आणि हात पुसू लागले.