मत्स्यालयातील कार्बन डायऑक्साइड-पुरवठा

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात लावलेल्या जलवनस्पतींच्या वाढीसाठी बाहेरून कार्बन डायऑक्साइड वायू विरघळविण्याची पद्धती. हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट मंदगतीने पसरतो आणि हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच राहते. त्यामुळे प्रखर दिव्याखाली, खते मुबलक असूनही, प्रकाशसंश्लेषणाला कार्बन अपुरा पडून रोपे खुरटतात. व्हॅलिस्नेरियासारख्या काही वनस्पती बायकार्बोनेटांतूनही कार्बन मिळवितात. मॉसवर्गीयांना मात्र ती सवलत नाही.

नेहमीच्या सरंजामात वायूची टाकी, दाबनियंत्रक, विजेवर चालणारी झडप आणि वायूचे सूक्ष्म बुडबुडे करणारी सच्छिद्र चकती यांचा समावेश होतो. साखर व यीस्ट यांच्या किण्वनातूनही वायू मिळतो. हा उपाय स्वस्त खरा, पण बेभरवशाचा. प्रमाण सामान्यतः लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम राखतात. त्याची तपासणी ठराविक क्षारतेच्या द्रावणातील ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाने होते : निळा रंग न्यूनता, हिरवा योग्य प्रमाण आणि पिवळा अतिरेक दर्शवितो. अतिरेक झाल्यास माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते व ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. रात्री वनस्पती स्वतःच हा वायू सोडीत असल्याने तेव्हा झडप बंद ठेवणे इष्ट.

जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांच्या निसर्गसदृश रचनांमुळे ही पद्धती जगभर रूढ झाली. मंद प्रकाशात वाढणाऱ्या अनुबियास, जावा फर्न इत्यादींसाठी मात्र हा खटाटोप बहुधा अनाठायीच ठरतो.