वैलावरचं गोड: मणगण्याची कुळकथा

गणेश चवथीच्या सकाळी गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या घरांत चुलीवर जागा मिळणं कठीण. खतखतें रटरटत असतं, पातोळ्या वाफेला लागलेल्या असतात, नेवऱ्यांची कढई उतरते न उतरते तोच वड्यांचं तेल चढतं. या सगळ्या धांदलीत एक भांडं मात्र पहाटेपासून वैलावर बसलेलं असतं. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. येता-जाता कुणीतरी करवंटीच्या दवल्यानं एकदा तळापासून ढवळतं आणि पुढं जातं. त्या भांड्यात मणगणें शिजत असतं.

वैल म्हणजे मोठ्या चुलीला जोडलेली धाकटी चूल. तिला स्वतःचं लाकूड नसतं. मोठ्या चुलीतली धग आतल्या भोकातून तिच्याखाली येते, तेवढीच तिची मिळकत. भात-आमटीसाठी लाकूड जळतच असतं. त्याच्या उरल्यासुरल्या आचेवर वैलावरचं भांडं फुकटात शिजतं. म्हणून जे सावकाश शिजायला हवं ते वैलावर, असा घराघरांतला रिवाज होता. त्यावर मातीचं भांडं असेल तर आणखी चांगलं. डिचोलीच्या कुंभारांची लाल मातीची भांडी गोव्यात नावाजलेली. जाड माती हळू तापते आणि हळूच निवते, त्यामुळे दूध-रसाच्या पदार्थाला तळाशी चटका बसत नाही.

मणगण्याचं साहित्य साधं आहे: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस, गूळ, काजू, वेलची आणि चिमूटभर मीठ. वाटीभर डाळ, पाव वाटी साबुदाणा, एक मोठा नारळ आणि चवीपुरता गूळ एवढ्यावर आठ-दहा पानांवर गोड वाढता येतं. तूप लागत नाही, दूध लागत नाही, खवा तर नाहीच. देवळांतल्या महाप्रसादाला शेकडो माणसं पंगतीला बसतात तिथं मणगणें टिकून राहिलं ते या हिशेबामुळे. नारळ आज महाग झाला आहे हे खरं, पण ज्या गावांत हा पदार्थ घडला तिथं माड दारातच उभा होता. रोख पैसे मोजायचे ते डाळीचे. हरभरा घाटावरून, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यायचा. म्हणून डाळ मोजून वापरायची आणि पदार्थ रसानं वाढवायचा. गुळाला तर गोव्यात ‘गोड’ असंच म्हणतात. ज्यानं गोडी येते त्याचं आणि गोडीचं नाव एकच.

आता या पदार्थाचं कूळ पाहू. आजच्या मणगण्यातल्या दोन वस्तूंचं माहेर ब्राझील आहे. काजू हा शब्दच तिथल्या तुपी भाषेतला. पोर्तुगिजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. गार्सिया द ऑर्ता या वैद्यानं गोव्यात बसून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोश्ता हा दुसरा वैद्य आपल्या पुस्तकात कोचीच्या बागांतल्या काजूचं वर्णन करतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या झाडानं पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवला तो असा. डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले ते थेट १७८१ ते १७८८ या काळात. तोवर तिथं सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. मला वाटतं, पोर्तुगीज राज्य पोचण्याच्या कितीतरी आधी त्यांचा काजू या डोंगरांवर पोचला असणार.

साबुदाण्याची गोष्ट अधिक वळणाची आहे. मूळचा ‘सागू’ हा मलाया-इंडोनेशियाकडच्या एका ताडाच्या खोडातला गाभा, नावही तिकडचंच. आपण आज खातो तो दाणा मात्र कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा ब्राझीलचा. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडचा माल बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. आजही देशातला बहुतेक साबुदाणा तिकडूनच येतो. म्हणजे नाव मलायाचं, कंद ब्राझीलचा, गिरणी सेलमची, आणि नैवेद्य आपल्या गणपतीचा.

मग हे दोन पाहुणे येण्याआधी मणगणें कसं होतं? याचं उत्तर गोव्याबाहेर सापडतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं. त्या काळात आणि त्यानंतर अनेक सारस्वत कुटुंबं देव घेऊन दक्षिणेकडे गेली: कारवार, मंगळूर, पार कोचीपर्यंत. त्यांच्या घरांत हाच पदार्थ आजही होतो, नाव ‘मडगणें’. डाळ तीच, नारळाचा रस तोच, गूळ तोच. पण त्यांच्या मडगण्यात सहसा साबुदाणा नसतो. त्याऐवजी तांदूळ भिजवून वाटतात आणि ते वाटण रसात कालवून आळण लावतात. घर सोडून गेलेली माणसं पुष्कळदा जुनी चाल घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त जपतात. म्हणून मी असं मानतो की तांदळाचं आळण हे मणगण्याचं जुनं रूप, आणि साबुदाणा गोव्यात नंतर येऊन त्या जागी बसला. गोव्यातही काही घरांत साबुदाण्याबरोबर किंवा त्याच्याऐवजी तांदळाचं पीठ लावतात. ती मला चूक वाटत नाही. जुन्या चालीची ती खूण वाटते.

आळण मात्र बदललं तरी सुटलं नाही, आणि त्याला कारण आहे. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारं तेल. जोराची उकळी आली की तो फुटतो आणि वर तवंग येतो. पिठूळ पदार्थ त्याला धरून ठेवतो. मंद आच आणि आळण, या दोन गोष्टींनी रस सांभाळला जातो.

क्रमही याच शहाणपणातून ठरला आहे. आधी भिजवलेली डाळ नुसत्या पाण्यात शिजवायची, बोटांत चेपली जाईल पण अख्खी दिसेल इतपत. गूळ आधी घातला तर डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. गोड पाकात कडधान्याची शिजण्याची चाल मंदावते. डाळ मऊ झाली की पातळ रस आणि भिजवलेला साबुदाणा. दाणा काचेसारखा पारदर्शक झाला की गूळ आणि काजूचे तुकडे. वाटलेल्या खोबऱ्यातून पिळलेला पहिला दाट रस मात्र बाजूला झाकून ठेवलेला असतो, त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

अमेरिकेतलं विजेचं मंद आचेचं भांडं वैलाच्याच जातीचं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या लहानपणाची गोष्ट सांगितली होती: शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलंत नावाच्या कालवणाचं भांडं गावातल्या पावाच्या भट्टीत ठेवायचं, रात्रभर निवत्या धगीवर ते शिजायचं. १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आलं. भट्टीची उरलेली धग काय, वैलाची काय, दोन्हीकडे उरल्या आचेवरच भांडं शिजायचं. ज्यांच्या घरी आता चूल नाही त्यांनी या भांड्यात मणगणें जरूर करावं. मी केलं आहे. रात्रभर भिजलेली डाळ पाण्यात तीन-चार तास, पुढचा क्रम वरचाच. हलवायचीही फारशी गरज पडत नाही.

शेवटची पायरी मात्र कुठल्याही भांड्यात तीच. आच बंद करायची, दाट रस ओतायचा, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून एकदा हलकं ढवळायचं. त्यानंतर उकळी नाही. झाकण ठेवून भांडं तसंच राहू द्यायचं. आरती संपून पानं मांडली जाईपर्यंत साबुदाणा रस पितो, मणगणें हळूहळू दाट होत जातं, आणि पहिली वाटी केळीच्या पानावर गणपतीपुढं जाते.