काळ्या तबकडीचा आवाज

२२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजांनी सोव्हिएत रशियावर स्वारी केली. पुढील पंधरवड्यात मॉस्को सरकारने केलेल्या तीन गोष्टी प्रस्तुत लेखकासारख्या वकिलास रणगाड्यांच्या हालचालींहून अधिक बोलक्या वाटतात. २४ जूनला रणवार्ता देणारा सोव्हिएत माहिती विभाग स्थापन झाला. लगोलग, नागरिकांनी आपली रेडिओयंत्रे सरकारजमा करावीत, असा हुकूम सुटला. आणि ६ जुलैच्या फर्मानाने, लोकांत घबराट उत्पन्न करणारी खोटी अफवा पसरविणारास २ ते ५ वर्षे कैद ठरविली. खटला लष्करी न्यायासनापुढे.

घरात उरला तो तारेने जोडलेला, काळ्या कागदी तबकडीसारखा ध्वनिक्षेपक. त्याचा आवाज लहानमोठा करता येई. केंद्र बदलता येत नसे. त्यातून यूरी लेव्हितान यांचा धीरगंभीर स्वर येई, आणि लोकांचा त्यावर जीव जडला होता, हेही नमूद केले पाहिजे. शत्रू खरोखरच दाराशी होता. मे १९४५ मधील विजयाची वार्ताही त्याच आवाजाने दिली. सरकारी वाणी आणि देशाची वाणी एकच, हा समज त्या चार वर्षांत रुजला.

तो एकदा ढळला होता. १९९३ साली निघालेल्या ‘एनटीव्ही’ या खासगी वाहिनीने पहिल्या चेचेन युद्धात उद्ध्वस्त ग्रोझ्नीची दृश्ये घराघरांत पोचविली. युद्ध अप्रिय झाले, आणि ऑगस्ट १९९६ मध्ये येल्त्सिन सरकारला तह करावा लागला. एप्रिल २००१ मध्ये ही वाहिनी सरकारी वर्चस्वाखालील ‘गाझप्रॉम’च्या ताब्यात गेली. बंदीहुकमाची गरजच पडली नाही. कर्जरोखे व भागभांडवल यांनी काम भागले. आमच्या व्यवसायाची ही करामत अभिमानास्पद खचित नव्हे!

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली. सरकारी भाषेत ती ‘विशेष लष्करी कारवाई’. ४ मार्चच्या कायद्याने सैन्याविषयी जाणूनबुजून खोटी माहिती पसरविण्यास जास्तीत जास्त १५ वर्षांची कैद आली. खोटे कशास म्हणावे? खटल्यांतून संरक्षण मंत्रालयाचे निवेदन हेच सत्याचे माप धरले गेले. म्हणजे वादीचे म्हणणे हाच पुरावा. अलेक्सेई गोरिनोव्ह हे मॉस्कोतील एका प्रभागाचे लोकप्रतिनिधी. मुलांच्या चित्रस्पर्धेचा विषय सभेपुढे आला असता, युक्रेनमध्ये मुले मरत आहेत, मग येथे स्पर्धा कसली, असे ते म्हणाले. जुलै २०२२ मध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली.

अशा वातावरणात ‘लेव्हादा’ या बिगरसरकारी संस्थेने घेतलेल्या कौलांत बहुसंख्य लोक सैन्याच्या कारवाईस पाठिंबा सांगतात. पोलिसापुढील कबुली आपला कायदा पुरावा मानीत नाही. मग हा आकडा कितपत मानावा? तो सर्वस्वी फेटाळावा असे पूर्वी मला वाटे. परंतु त्याच कौलांत, दूरचित्रवाणीवर विसंबणाऱ्या वृद्धांत पाठिंबा अधिक आणि इंटरनेटवरून बातमी मिळविणाऱ्या तरुणांत कमी दिसतो. कायद्याचा धाक तर दोघांनाही सारखाच आहे. निराळी आहे ती बातमी येण्याची वाट.