खुणेचा इतिहास : पोत्यावरच्या मार्क्यापासून क्यूआर चौकटीपर्यंत



इतिहासावर बोला, असे मला चालकांनी सांगितले आणि मी विषय निवडला तो भाजीवालीच्या टोपलीपाशी टांगलेल्या काळ्यापांढऱ्या चौकटीचा. पनवेलात इतिहास म्हटला की शिरढोण आठवते, वासुदेव बळवंत आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मी सातवीनंतर कारखान्यात शिरलेला मनुष्य. माझ्या वाट्याला इतिहास आला तो हमालाच्या पाठीवरून. तेव्हा आज खुणांचा इतिहास सांगतो.

खूण ही हमालाला नवी नाही. पोत्यावरचा व्यापाऱ्याचा मार्का पाहून कोणते पोते कोणाच्या थप्पीला लावायचे हे निरक्षर हमालही बिनचूक ओळखी. मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट तर जगाला ठाऊक आहे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली हा धंदा सुरू केला. डब्याच्या झाकणावर चार अक्षरे, दोन आकडे आणि एखादा रंग. तेवढ्यावरून डबा कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सारे कळते. ही खूण वाहणाऱ्याने आपल्या सोयीसाठी रचली, आणि ती वाचतो तोही वाहणाराच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे ह्यातच फरक पडला.

यंत्राने वाचावयाची खूण अमेरिकेत निघाली. उभ्या जाड-बारीक रेघांचा तो बारकोड २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावर प्रथम वाचला गेला. दुकानाला तो पुरला, कारखान्याला पुरेना. एका बारकोडात जेमतेम वीस अक्षरे मावत. जपानमध्ये टोयोटाला मोटारींचे सुटे भाग पुरविणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड चिकटवावे लागत, आणि कामगाराला दिवसाकाठी हजारेक बारकोड यंत्रासमोर धरावे लागत. हात दुखत, मन कंटाळे, आणि तेलकट बोटाचा डाग पडला की खूण वाचलीच जात नसे. कामगारांनी तक्रार केली. मासाहिरो हारा नावाच्या इंजिनियराने ती मनावर घेतली, आणि १९९४ साली क्यूआर कोड जन्माला आला. म्हणजे ही चौकट एखाद्या सावकाराच्या पेढीत जन्मलेली नाही. कामगाराच्या कुरकुरीतून ती जन्मली, आणि युनियनचा माणूस म्हणून मला तिच्याविषयी जिव्हाळा आहे तो ह्याच कारणाने.

हारा हे जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ नावाचा खेळ खेळत. चौकोनी पट आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. त्यावरून त्यांना सुचले, की रेघेत मजकूर एकाच दिशेने मावतो, पटावर मात्र तो आडवा आणि उभा दोन्ही बाजूंनी भरता येतो. काळे घर म्हणजे एक, पांढरे घर म्हणजे शून्य. सर्वांत लहान पट २१ गुणिले २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ घरांचा. त्यात नुसते आकडे भरले तर ७,०८९ मावतात. आपल्या देवनागरीला मात्र जागा फार लागते. एकेक अक्षर, एकेक मात्रा तिप्पट जागा खाते, म्हणून हजाराच्या आतच पट भरतो.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन म्हणजे ह्या पटाचे डोळे. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढा. काळे एक भाग, पांढरे एक, काळे तीन, पांढरे एक, काळे एक, हेच प्रमाण येते. हेच का? तर हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिके, जाहिरातींचे कागद, खोकी असे नाना तऱ्हेचे छापील कागद तपासले आणि त्यांत सर्वांत कमी आढळणारे प्रमाण शोधून काढले. त्यामुळे आजूबाजूला कितीही छपाई असली तरी यंत्राचा गोंधळ होत नाही, आणि कागद उलटा धरला तरी चालते.

राहिला तेलाचा डाग. चेकावर आपण रक्कम आकड्यांत लिहितो आणि अक्षरांतही लिहितो. एक पुसली तर दुसरीवरून कळते. तोच न्याय इथे आहे, फक्त गणिताने. रीड आणि सॉलोमन ह्या दोघा अमेरिकनांनी १९६० साली मांडलेल्या रीतीने मजकुराबरोबर जादा पुरावा भरतात. तो किती भरायचा ह्याच्या चार पायऱ्या आहेत; वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर निघतो. आणि ह्या कंपनीने पेटंट घेऊनही इतरांकडून त्याचे पैसे मागितले नाहीत. म्हणून तर ही चौकट गावोगाव पसरली.

आपल्याकडचा तिचा एक मान मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन धरला की मुलांना कविता ऐकू येई, धडा दिसू लागे. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. संघटनेच्या माणसाला ह्यापरते काय आवडावे!

चौकट तयार करणे हे काम अगदी सोपे. संगणकावर वा फोनवर फुकट साधने आहेत. मजकूर किंवा पत्ता लिहावा, चित्र मिळते. पण मी स्वतः कसा फसलो ते ऐका. मे दिनाच्या सभेचा फलक केला, शोभेसाठी लाल जमिनीवर पिवळी चौकट काढविली, तीही बोटभर आणि कडेला चिकटवून. एकाचाही फोन ती वाचीना. पांढऱ्यावर काळी हवी, चारी बाजूंना चार घरांची मोकळी जागा हवी, आणि छापण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवर तपासून पाहायला हवी. आणखी एक. काही कंपन्यांची चौकट आधी त्यांच्या दारी नेते आणि मग तुमच्या. वर्गणी थांबली की दार बंद. तेव्हा होता होईल तो आपला पत्ता थेट लिहावा.

आता पैशाची चौकट. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि बघता बघता टोपलीपाशी पाट्या लागल्या. त्या पाटीत पैसे नसतात. असतो फक्त घेणाऱ्याचा पत्ता आणि नाव. रात्रीतून कोणी वर दुसरा कागद चिकटवला तर दिवसभराची कमाई त्याच्याकडे जाईल. म्हणून देणाऱ्याने पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचावे, विकणारीने रोज सकाळी पाटीवरून हात फिरवावा. आणि पैसे घेण्यासाठी चौकट वाचावी लागत नाही, गुप्त आकडाही टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, ही चौकट वाच’ असे सांगणारा लुबाडणाराच समजावा. आमच्या एका हमालाचे आठवड्याचे पैसे असेच गेले.

मघाशी ध्यानात ठेवा म्हटले ते हे. पोत्यावरचा मार्का डोळ्यांना वाचता येई. ही नक्षी माणसाला वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी इकडच्याच एका कारखान्याने फाटकावर हजेरीची चौकट लावली. कंत्राटी कामगाराने आपल्या फोनने, आपल्या खर्चाने ती वाचायची, म्हणजे हजेरी लागली. एकाच्या फोनची बॅटरी गेली. तो दिवसभर राबला, पण हजेरी नाही म्हणून मजुरी नाही. मी गेलो तेव्हा साहेब म्हणाले, यंत्र खोटे बोलत नाही. मी म्हटले, साहेब, यंत्राने त्याला पाहिलेच नाही. मुकादमाने पाहिले, पाळीतल्या अकरा जणांनी पाहिले. शिवाय डाग पडला तरी खूण वाचली जावी म्हणून ज्या कामगारांसाठी ही चौकट केली, त्यांच्यातल्याच एकाला एका चुकीची सूट नसावी?

तीन बैठका झाल्या. मजुरी मिळाली. चौकट अजून फाटकावर आहे, आमची तिला हरकत नाही; पण तिच्या शेजारी खिळ्याला हजेरीचे जुने मस्टर टांगलेले आहे, आणि त्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली आहे.