दरेकसाचा बोगदा आणि १९४० चा फुटबॉलचा हंगाम

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणारी आगगाडी सालेकसा मागें टाकून दरेकसाच्या डोंगरांत शिरूं लागली, म्हणजे डब्यांतील बोलणें आपोआप मंदावतें. दोहों बाजूंस दाट रान, पावसाळ्यांत झाडांच्या आड पांढऱ्या पट्ट्यासारखा झळकणारा हाजरा धबधबा, आणि मग बोगद्याचा काळोख. जवळच कचारगडाची गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अशा ठिकाणीं कोणास पुराण आठवेल, कोणास वनविद्या आठवेल. पण फुटबॉल आठवावा हें वाचकांस चमत्कारिकच वाटेल. तथापि आमचें म्हणणें असें कीं, हिंदुस्थानांतील फुटबॉलच्या इतिहासाचा एक धागा या बोगद्यांतून गेलेला आहे, आणि तो हातीं धरल्यावांचून १९४० सालच्या त्या विलक्षण हंगामाचा अर्थ नीट उकलत नाहीं.

प्रथम धागा कोणता तें सांगतों. नागपुराहून छत्तीसगडाकडे पहिल्यानें जी लोहमार्गाची वाट गेली ती अरुंद मापाची होती. पुढें १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनें तो मार्ग रुंद केला व १८९१ च्या सुमारास नागपूर आसनसोलशीं जोडलें. १९०० सालीं हावड्याची थेट वाट खुली झाली. कलकत्ता आणि मुंबई या दोन महानगरांमधील एक मुख्य रस्ता याप्रमाणें दरेकसाच्या डोंगरांतून पडला. आणि योगायोग असा कीं, ज्या १८९१ सालीं ही रेल्वे आसनसोलपर्यंत पोंचली, त्याच सालीं मुंबईंत रोव्हर्स चषकाच्या सामन्यांस आरंभ झाला.

येथें साखळी आणि चषक यांतील भेद थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. साखळी सामन्यांत प्रत्येक संघास दुसऱ्या प्रत्येक संघाशीं खेळावें लागतें. एक दिवस वाईट गेला तरी तो भरून काढतां येतो, आणि शेवटीं जो चिकाटीनें टिकतो तो वर येतो. चषकाच्या सामन्यांत मात्र हरला तो घरीं गेला. पहिली परीक्षा वर्षभराच्या अभ्यासाची, दुसरी एका दिवसाच्या धैर्याची. युरोपांतील लहानमोठ्या देशांनीं या दोन्ही परीक्षा राष्ट्रव्यापी केल्या. स्वीडनसारख्या विरळ वस्तीच्या आणि दीर्घ हिंवाळ्याच्या देशानें १९२४ सालीं बारा संघांची अखिल स्वीडिश साखळी सुरू केली व १९४१ सालीं राष्ट्रीय चषक. त्या चषकावर पहिलें नांव कोरलें गेलें तें हेल्सिंगबोर्ग या बंदराच्या शहराच्या संघाचें. आपल्याकडे चषक होते, शहरोशहरीं साखळ्या होत्या, परंतु साऱ्या देशाची एक साखळी १९९६ पर्यंत नव्हती. कलकत्त्याची साखळी १८९८ ची, मुंबईची हारवुड साखळी १९०२ ची. पण त्या आपापल्या शहरापुरत्या. मग देशांतला पहिला संघ कोणता हें ठरावें कसें? तें ठरे संघांच्या प्रवासावरून. आपल्या शहराची साखळी जिंकावी, मग आगगाडींत बसून परक्या शहरीं जावें आणि तेथील चषक जिंकून आणावा. राष्ट्रीय साखळीचें जें काम, तें आपल्याकडे दीर्घ काळ लोहमार्गानें केलें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या चषकांचा आरंभीचा इतिहास मात्र आपल्या लोकांचा नाहीं, पलटणींचा आहे. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर पलटणीचा संघ होता, आणि पुढें सेहेचाळीस वर्षेंपर्यंत एकाही हिंदी संघाचें नांव त्या चषकावर चढलें नाहीं. सिमल्यास १८८८ सालीं सुरू झालेल्या ड्युरँड चषकाची गोष्टहि तीच. राज्यकर्त्यांच्या छावणीचा खेळ, त्यांचीं बक्षिसें, त्यांचेच पंच. या भिंतीस पहिली भेग पडली ती कलकत्त्यास, २९ जुलै १९११ रोजीं. मोहन बागानच्या संघानें, एक खेळाडू सोडून बाकी सारे अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून आय. एफ. ए. ची ढाल जिंकली. हाच मोहन बागान १९२३ सालीं मुंबईस येऊन रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. परंतु डरहॅम पलटणीनें त्यास ४-१ असें परत लाविलें. एका दिवसाचा चमत्कार आणि नित्याचें सामर्थ्य यांत किती अंतर आहे, हें त्या पराजयानें शिकविलें.

तें अंतर ज्यांनीं ओलांडलें ते दोन संघ मुसलमानी नांवांचे होते, हें इतिहासानें आपल्यापुढें टाकलेलें कोडें आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें १९३४ सालीं तेथील साखळी जिंकली. हिंदी संघानें ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि तें यश त्यांनीं १९३८ पर्यंत सलग पांच वर्षें टिकविलें. या यशामागें दैव कमी आणि व्यवस्था अधिक होती. भर पावसांतल्या चिखलांत अनवाणी पाय घसरतात, म्हणून त्यांनीं बूट घालून खेळण्याची संवय केली. आणि बंगालपुरतें न पाहतां बंगळूरसारख्या दूरच्या गांवांतून चांगले खेळाडू आणले. तिकडे खुद्द बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या संघानें १९३७ सालीं मुंबईस येऊन रोव्हर्स चषक जिंकला. चषकावर कोरलेलें तें पहिलें हिंदी नांव. पुढच्या वर्षीं त्यांनीं तो पुन्हां राखला.

आतां १९४० चा हंगाम. मधल्या एका वर्षीं मोहन बागानकडे गेलेली कलकत्त्याची साखळी मोहमेडन स्पोर्टिंगनें या वर्षीं परत मिळविली. ही झाली चिकाटीची परीक्षा. मग तो संघ मुंबईस आला आणि कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्सच्या अंतिम सामन्यास उभा राहिला. समोर कोण? बंगलोर मुस्लिम्स. ज्या सामन्यांचा जन्म पलटणींसाठीं झाला, त्यांच्या शेवटच्या दिवशीं मैदानावर एकही पलटण उरली नव्हती! मोहमेडन स्पोर्टिंगनें तो सामना १-० असा जिंकला. तेथून दिल्ली. ड्युरँडचे सामने त्या वर्षीं सिमला सोडून दिल्लीस भरले होते. १२ डिसेंबर १९४० रोजीं आयर्विन ॲम्फिथिएटरच्या मैदानावर या संघानें रॉयल वॉरिकशायर पलटणीस २-१ असें हरविलें. त्या सामन्याचे पंच कॅप्टन हरनामसिंग, म्हणजे पंचहि हिंदी. एक साखळी आणि दोन चषक, तींहि तीन निरनिराळ्या शहरांत: असा हंगाम हिंदी संघाच्या वाट्यास पूर्वीं आला नव्हता.

कोणी म्हणतील, त्या वर्षीं महायुद्ध चालू होतें. पलटणींचे उत्तम खेळाडू रणांगणावर गेले असतील. मग या विजयाचें मोल तें किती? हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं, आणि युद्धकाळांतील यशाचें माप थोडें सावधपणेंच घ्यावें. परंतु १९३४ ची साखळी आणि १९३७ व १९३८ चे रोव्हर्स चषक हे युद्धापूर्वींचे आहेत. भिंत युद्धानें पाडली नाहीं. ती आधींच खिळखिळी झालेली होती.

याहून अवघड प्रश्न निराळा आहे. हा विजय कोणाचा? राज्यकर्त्यांचा पराभव झाला म्हणून तो साऱ्या देशाचा मानावा, कीं संघाच्या नांवांत एका धर्माचें नांव आहे म्हणून त्या समाजापुरता? १९४० हें साल डोळ्यांपुढें आणावें. मार्च महिन्यांत लाहोरचा ठराव होऊन गेला होता. मुंबईंत क्रिकेटचे पंचरंगी सामने हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’ अशा जातवार संघांत खेळले जात होते, आणि ते खेळावे कीं न खेळावे यावर कडाक्याचा वाद माजला होता. हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ त्याच डिसेंबरांत वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस गेलें. गांधीजींनीं स्पष्ट सांगितलें कीं, विद्यालयांत किंवा संस्थांत सामने व्हावेत हें समजूं शकतें, पण धर्माधर्मांत सामने कां व्हावेत हें आपणांस कधींच उमगलें नाहीं. एकाच महिन्यांत दिल्लीस तो जयजयकार आणि वर्ध्यास हा निषेध!

आम्हांस विचाराअंतीं असें वाटतें कीं, या दोहोंपैकीं एकास खरें मानण्यासाठीं दुसऱ्यास खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या वाट्यास छावणीच्या कुंपणाबाहेरून खेळ पाहणेंच आलें होतें, अशा माणसांनीं तें कुंपण ओलांडलें. त्यांचा आनंद खरा होता आणि त्या आनंदांत सामील होणाऱ्या परधर्मीयाचाहि खरा होता. परंतु खेळाला धर्माचें नांव दिलें, म्हणजे हार ही केवळ हार राहत नाहीं, ती समाजाची मानहानि होते, आणि जीत ही केवळ जीत राहत नाहीं. गांधीजींचें भय याच जागीं होतें, आणि पुढील सात वर्षांनीं तें निराधार नव्हतें असें दाखविलें. पंचरंगी सामने १९४६ सालीं बंद झाले. पण तेव्हां देशाच्या फाळणीची वाट अर्धीअधिक चालून झालेली होती.

फुटबॉल मात्र चालत राहिला. १९५० पासून सलग पांच वर्षें रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनीं नेला. म्हणजे नांव आतां धर्माचें नव्हे, नोकरीचें झालें. मुंबईच्या कॅल्टेक्स कंपनीचा संघ १९५८ सालीं विजेता ठरला. आणि १९६४ सालीं त्या चषकावर जें नांव कोरलें गेलें, त्यापाशीं आम्ही पुन्हां दरेकसास येऊन पोंचतों: बंगाल-नागपूर रेल्वे! गंमत अशी कीं, त्या नांवाची रेल्वे तेव्हां अस्तित्वांतच नव्हती. १९४४ सालीं सरकारनें कंपनीचा कारभार हातीं घेतला होता आणि १९५५ सालीं या मार्गास दक्षिण-पूर्व रेल्वे हें नांव मिळालें होतें. रुळांवरून पुसलेलें नांव फुटबॉलच्या संघानें जपलें, आणि दरेकसाच्या डोंगरांतून आगगाडी नेणाऱ्या त्या रेल्वेच्या नोकरांनीं मुंबईचा चषक जिंकला.

आज तो चषकहि राहिला नाहीं. २०००-०१ च्या हंगामांत मोहन बागाननें चर्चिल ब्रदर्सचा पराभव करून तो नेला, आणि एकशें दहा वर्षांची ती परंपरा तेथें थांबली. मराठी घरांतून क्रिकेटच्या जुन्या सामन्यांच्या गोष्टी आजोबा नातवंडांस अजून सांगतात. परंतु १९४० च्या कूपरेजवर काय घडलें हें विचारलें, तर सुशिक्षित मनुष्यहि गोंधळतो. हें विस्मरण आमच्या मतें केवळ खेळाचें नाहीं. आपण परक्यांस त्यांच्याच खेळांत हरवूं शकतों हा विश्वास, आणि त्या विजयास आपण कोणतें नांव देतों यावर पुढचें बरेंवाईट अवलंबून असतें हा इशारा, हे दोन्ही धडे त्या एकाच हंगामांत होते. त्यांतला पहिला आपण आवडीनें घोकतों. दुसऱ्याची उजळणी अद्याप व्हावयाची आहे. दरेकसाच्या बोगद्यांतला काळोख फार वेळ टिकत नाहीं. गाडी बाहेर येते, रान पुन्हां हिरवें दिसूं लागतें आणि डब्यांतलें थांबलेलें बोलणें पुन्हां सुरू होतें. तें बोलणें कधींमधीं या हंगामाविषयींहि व्हावें, एवढीच आमची इच्छा.